पूजेतली चेनपुली

खंडेनवमीला आमच्या गॅरेजमधली सगळी हत्यारं मी स्वतः पूजेला मांडते. पाने, हातोडे, ग्राइंडर आणि इंजिन उचलायची चेनपुली. माझं माहेर अक्कलकोटकडचं. तिकडं पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. लग्न होऊन सोलापुरातल्या ह्या पत्र्याच्या शेडमध्ये आले तशी मी तोच नियम चालवला, आणि ह्यांनी तो मुकाट्याने पाळला. माझ्या तोंडी लागायची हौस कुणाला आहे?

एका वर्षी पूजा आटोपली आणि दुपारी एका गिऱ्हाईकाचा फोन आला. त्याची जुनी जीप आमच्याकडे उघडून पडली होती. तिला हेडर बसवायचे होते, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चार वाकड्या नळ्या. दसऱ्याला गाडी दारात पाहिजे म्हणाला, आणि हे "देतो की" म्हणून मोकळे झाले. नळ्या काही केल्या खाली उतरेनात. इंजिनाचे एका बाजूचे बोल्ट सोडून ते चार बोटं वर घ्यावं लागणार होतं. आमचा कारागीर सणाला मैंदर्गीला गेलेला, म्हणून मला हाक आली.

"चेनपुली तेवढी काढून दे की."

"पूजेतली? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"अगं, तासाभराचं काम हाय."

"तासाभरासाठी देव उठवायचा व्हय? त्या जीपमधला जॅक न्हाई पूजेत. तो घ्या."

स्वतःच्या हुशारीवर मी खूश झाले होते, हे कबूल करते.

ह्यांनी जॅकवर लाकडाची फळी ठेवली, ती इंजिनाच्या तळाला लावली आणि दांडा माझ्या हातात दिला. मी चाकाजवळ उकिडवी बसून फिरवू लागले. इंजिन कण्हत कण्हत वर येऊ लागलं. एवढं धूड एका वीतभर जॅकवर! चेनवर टांगलेलं इंजिन मी किती वेळा पाहिलं होतं, पण ते वरून धरलेलं असतं. हे खालून डुगडुगत होतं.

"लाकूड आधी, हात नंतर," हे नेहमीसारखं पुटपुटले. इंजिनाच्या खुरापाशी, म्हणजे ते गाडीच्या सांगाड्यावर टेकतं तिथं, त्यांनी सागाचा ठोकळा सरकवला आणि मग उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. नळ्या बसल्या. खालचा एक नट राहिला होता.

फरशीवर ऑइल सांडलेलं होतं. जॅकचा पाय बोटभर सरकलेला मला दिसला. "अहो!" एवढंच तोंडातून निघालं. जॅक आडवा झाला, इंजिन धप्पकन ठोकळ्यावर बसलं आणि ह्यांचा हात आत राहिला.

मी जॅककडं झेपावले.

"जॅकला हात लावू नको," ते दातावर दात धरून म्हणाले. "इंजिन अजून खाली येईल. चेन आण."

मी पूजेकडं धावले. चेनपुलीवर हळद-कुंकू होतं, झेंडूची माळ होती. मी ती तशीच ओढली. समई कलंडली, नारळ गडगडत शटरपर्यंत गेला. स्टुलावर चढून वरच्या गर्डरच्या कडीत आकडा अडकवायला गेले, तर नेम दोनदा चुकला. "शिवा, शिवा" म्हणत होते की रडत होते, आठवत नाही. खालचा आकडा इंजिनाच्या कानात, उचलायच्या कडीत, घातला आणि साखळी ओढू लागले.

"हळू," हे म्हणाले. "घाई करू नको. लई चांगलं ओढतीस."

अशा वेळी माझं कौतुक! मला त्यांचा रागच आला. झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या खांद्यावर गळत होत्या. एकेक कडी खडखडत सरकली आणि शेवटी हात बाहेर आला. सागाच्या ठोकळ्यानं तो वाचवला, नाहीतर मनगटापासून गेला असता. दोन बोटं मात्र फुटली. हाडं जुळली, पण ती बोटं आता वळत नाहीत. बारीक नट त्यांना डाव्या हातानं लावावे लागतात.

पाणी आणायला वळले तेव्हा पूजेची जागा दिसली. देवाचा फोटो पालथा पडला होता. मला त्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती आता ह्यांच्या तोंडाकडं बघायची.

त्यानंतर चेनपुली मी पूजेत मांडत नाही. ती गर्डरलाच असते. स्टुलावर चढून तिथंच कुंकू लावते.

बोटांबद्दल कुणी विचारलं की हे सांगतात, "जॅक घसरला." माझ्या माहेरी तेच सांगितलं, आमच्या लेकीलाही तेच. एवढ्या वर्षांत भांडणाच्या भरातसुद्धा त्यांनी ते माझ्यावर काढलं नाही.

चेन त्यांनी मागितली होती. मी दिली नव्हती.