पावसातलं मीठ

रोह्याच्या कंपनीत लागलो त्या वर्षापासून मी मासिकांना कविता पाठवू लागलो. कवितेसोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची पद्धत होती. त्यामुळे परत आलेलं पाकीट उघडण्याची गरजच पडत नसे, वरचं अक्षर माझंच असे. पोस्टमन ते हातात देताना नजर चुकवायचा. बायको मात्र चुकवायची नाही. "आलं का तुमचं तुम्हाला?" एवढंच विचारायची आणि कामाला लागायची.

बहुतेक पाकिटांत 'साभार परत'चा छापील कागद असायचा. एकदा एका संपादकांनी त्यावर स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहिले: 'अनुभव हवा.' ती चिठ्ठी मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या शिफ्टला जाणाऱ्या एका सहकाऱ्यालाही दाखवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "म्हणजे नापासच ना?"

मला तसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, आपल्याकडे फक्त अनुभव तेवढा कमी आहे. माझं गाव जिते, घरात भात आणि वालाची शेती, खाऊनपिऊन बरं. अशा घरात कवितेला लागणारं दुःख कुठून आणायचं? सुट्टीला एसटीने गावी जाताना वडखळच्या पुढे मिठागरं दिसायची. मी जायचो ते श्रावणात, नाहीतर गणपतीत. वाफे पाण्याने तुडुंब भरलेले, वर पाऊस, सगळीकडे करडा रंग. एकदा खिडकीतून ते बघून माझा जीव गलबलला. पेण येईपर्यंत कविता तयार होती:

पाऊस कोसळे आगरावर
मीठ वेचते माय माझी

पुढे आणखी चार कडवी होती. शेवटच्या कडव्यात माय पावसात तशीच उभी राहते आणि मुलगा दूर शहराकडे निघून जातो. स्वच्छ अक्षरात दोन प्रती काढल्या. एक मासिकाच्या दिवाळी अंकासाठी पाठवली, दुसरी पेणच्या एका वाचनालयाच्या काव्यस्पर्धेला.

स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस एका प्राथमिक शिक्षिकेला होतं. बक्षीस मिळालेल्यांनी कविता वाचून दाखवायची होती. मी शेवटच्या कडव्याला आवाज बारीक केला, एका ओळीवर मुद्दाम अडखळलो. टाळ्या बऱ्या पडल्या. चहाच्या वेळी पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. ते त्या शिक्षिकेचे वडील होते.

"आवाज चांगला हाय तुमचा," ते म्हणाले.

मी नम्रपणे मान खाली घातली.

"तुमची आई कंच्या आगरान व्हती?"

"तिकडे... वडखळकडे."

"वडखळकडं कोनाच्या? माझी हयात गेली मिठागरान. सगली ओलखीची हान."

मी चहाचा घोट घेतला. तो फार वेळ पुरला नाही.

"तसं नाही, म्हणजे कवितेतली आई," मी म्हणालो.

"हां, कवितेतली," ते जराही न रागावता म्हणाले. "मंग तिला सांगा, पावसान मीठ नाय पिकत. मीठ उन्हाचं. पाऊस यायच्या आधी रास करून वर पेंढा घालतात. आन् मीठ वेचत नाय, फलीनं ओढतात. वेचायला ती काय फुलां हान?"

त्यांची मुलगी मागून आली. तिने बहुतेक शेवटचं वाक्य ऐकलं होतं. "बाबा, चला, गाडी जाईल," म्हणून ती त्यांना घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसणं दयेचं होतं. परीक्षक शेजारीच बिस्किटं खात उभे होते. त्यांनाही पावसात मीठ चाललं होतं, हाच काय तो माझा आधार.

पुढच्याच आठवड्यात मासिकाचं कार्ड आलं. कविता स्वीकारली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा संपादकांचा होकार घरात आला आणि मला तो धड मिरवताही येईना. तिसऱ्या दिवशी मन घट्ट करून सगळं खरं लिहून कळवलं. पावसाच्या जागी ऊन घालावं आणि 'वेचते'च्या जागी 'ओढते' करावं, अशी विनंती केली. उत्तर आलं: 'आपला प्रामाणिकपणा आवडला. परंतु उन्हाने कवितेतील आर्तता कमी होते. शिवाय अंक छपाईस गेला आहे.'

अंक आला. कविता पावसासकट होती. खाली कवीचा परिचय होता. मी पाठवला होता, 'जन्म पेण तालुक्यात, नोकरी रोह्यात.' त्यांनी छापला होता, 'मिठागरात बालपण गेलेले कवी.' कंपनीत लोकांनी हात मिळवले. मला न विचारता एकाने माझ्या खडतर बालपणावर चार शब्दही बोलून टाकले. मी त्याला थांबवलं नाही.

त्या वर्षी दिवाळीलाही अंक घेऊन जित्याला गेलो. आई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. शेवटच्या कडव्याला तिने पदराने डोळे पुसले.

"बिचारी गो! कोनाची आई ती?"

"तूच," मी म्हणालो.

"मी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कदी गेलते रे मिठागरात?"

मी तिला समजावू लागलो की कवितेत असं चालतं, एका आईतून सगळ्या आया दाखवायच्या असतात. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"ते व्हय. पन मग तिला पावसात का सोडून आलास? घरी तरी आनायची."

अंक मिटून मी तिच्या समोर बसलो आणि वाल सोलू लागलो. माझ्या हातून डाळिंब्या मोडत होत्या. थोडा वेळ तिने चालवून घेतलं, मग परात स्वतःकडे ओढली.