भट्टीमामांचा देवमासा

भट्टीमामा वितळलेल्या लोखंडाकडे नुसतं बघून सांगायचे, ते ओतायला झालंय की नाही. शिरोली एमआयडीसीतल्या त्यांच्या फौंड्रीत त्यासाठी यंत्र आलं होतं, तरी मिस्त्री आधी मामांच्या तोंडाकडे बघायचे. डोळ्यांसमोर धरायला निळी काच मिळायची. ती मामांच्या खिशातच असायची. "काचंतनं रंग खोटा दिसतोय," म्हणायचे. एकदा त्यांनी साच्यातून काढून वाळू झटकलेला एक थंड नग माझ्या हातात दिला. मी म्हटलं, काळा आहे. "काळा म्हणू नगंस. नीट बघ," एवढंच म्हणाले.

ते आईचे धाकटे भाऊ. मामी लवकर गेल्या, म्हणून जेवायला आमच्याकडेच असत. आईनं तांबडा रस्सा वाढला की वाटी उजेडात धरायचे. "आक्का, आजून दोन मिन्टं. ओतायचा रंग न्हाय आला."

"गप गिळ. फौंड्री न्हवं ही," आई म्हणायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं माहीत असणार, अशी मामांची समजूत होती. त्या वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाण्याबाहेर झेपावलेला देवमासा होता. मी सहज म्हटलं, हा मासा नव्हे, याला फुप्फुसं असतात, श्वास घ्यायला वर यावंच लागतं. मामांचा घास हातातच राहिला.

"एवढं धूड, अन् त्येलाबी दम लागतोय?" घास ताटात ठेवून म्हणाले, "मला बघायचाय. कुठं जायाचं ते तू ठरीव. तुला कळतंय."

मला काही कळत नव्हतं. मी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. माझी सहल पन्हाळ्यापर्यंतच गेलेली. पण ते कबूल करायची लाज वाटली. मी एक वही केली आणि पहिलं नाव लिहिलं, मालवण. मग ग्रंथालयात वाचलं की देवमासे खोल समुद्रात असतात, आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते डॉल्फिन, त्यांच्याच कुळातले. भीत भीत मामांना सांगितलं. "चालतंय की. थोरला न्हाय तर धाकटा!"

वर्गातली एक मैत्रीण म्हणाली देवगड. सरांनी गुहागर सुचवलं. शेजारचे मुर्डेश्वरला जाऊन आले आणि तिकडचंच गाऊ लागले. मी प्रत्येक नावापुढे एसटीची वेळ, बोट, बरा महिना असं लिहीत गेले. चुकीच्या जागी नेलं आणि काहीच दिसलं नाही तर मामांची रजा फुकट जाणार, आणि माझं शिक्षणही उघडं पडणार. खरं तर या दोन्हींतली दुसरी भीती मोठी होती. मग पावसाळा लागून बोटी बंद व्हायच्या. मग परीक्षा यायची.

दर सोमवारी, त्यांच्या सुट्टीदिवशी, मामा विचारायचे, "काय प्रोफेसर, ठरलं का?"

"बघते, मामा."

"बघ, बघ. मासा कुठं पळून चाललाय?"

अशी तीन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एकदा मामांनी रश्शाची वाटी उजेडात धरली आणि तशीच खाली ठेवली. "झालाय का रंग?" आईनं चेष्टेत विचारलं.

"काय की," मामा म्हणाले. "मला भट्टीवरनं काढून वाळू चाळायच्या कामावर टाकलंय. म्हैना झाला. रंग कळंना झालाय."

डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या झळाळीनं डोळ्याचा आतला पडदा भाजलाय. चष्म्याचा उपयोग नाही. त्याच दिवशी मी वही उघडली आणि जागा ठरवली. मालवण. पहिल्या पानावरचं पहिलं नाव.

गगनबावड्याचा घाट उतरून आम्ही गेलो. सकाळी बोटीत मामा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. पाणी चमचमत होतं. "पावणं, मासा आला की आवाज द्या," त्यांनी नावाड्याला बजावलं.

"थंय बघा, थंय!" तो ओरडला. दोन पाठी पाण्यावर आल्या, फुस्स असा आवाज झाला आणि बुडाल्या. मामा भलतीकडेच बघत होते. मी हात धरून वळवेपर्यंत तिथे नुसतं पाणी होतं. आम्ही तासभर थांबलो. पुन्हा काही वर आलं नाही.

"ऐकला की मी," मामा म्हणाले. "खरंच दम लागतोय त्येला. कसा हुता गं? रंग सांग."

सगळी बोट माझ्याकडे बघत होती. "काळा," मी म्हणाले.

"नुसता काळा?"

"काळाच."

"बरं," म्हणाले, आणि डोळ्यांवर आडवा हात धरून पाण्याकडे तोंड करून बसले. परतताना घाटात म्हणाले, "जागा झकास निवडलीस, पोरी." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते अजून सलतं.

पुढे ते मुरगूडला गावी राहायला गेले. गेल्या वर्षी तिथेच वारले.

मामा, तो काळा नव्हता. वाळू झटकून तुम्ही माझ्या हातात दिलेल्या त्या नगासारखा होता, करडा, जरा निळसर. पाठीवरून पाणी ओघळत होतं. आणि वळताना त्याच्यावर कोवळं ऊन पडलं ना, तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, त्याच्या पाठीला तुमचा ओतायचा रंग आला होता.