वसंताचे डोळे, सुमनचे उंदीर

फोनवर वसंता एवढंच म्हणाला, “कुंदाताई, अक्का गेली.” साध्या तापाचं निमित्त झालं आणि सुमन गेली.

कॉलेजात असताना मी विद्यानगरहून पायी तिच्या नल्लकुंट्याच्या घरी जायची, तेव्हा वसंता, तिचा धाकटा भाऊ, गल्लीत क्रिकेट खेळत असायचा. दिवस कलला की त्याला चेंडू दिसेनासा होई. त्यांच्या दोन्ही मामांचं असंच झालं होतं. आजार आईकडून आलाय, डोळ्यातला पडदा हळूहळू झिजत जाणार, औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतरच सुमन जीवशास्त्राकडे वळली.

नव्वदीनंतर देशाची दारं उघडली आणि तिच्या प्रयोगशाळेत परदेशातून उंदीर आले. जन्मतःच वसंतासारखा दोष असलेले. त्याच उघड्या दारांतून तिचे सहकारी मात्र एकेक करून बाहेर पडले. कुणी नव्या औषध कंपनीत, कुणी अमेरिकेत. बोलावणं तिलाही होतं. आईवडील गेलेले, वसंताला कुणावर सोडणार? ती राहिली. दुपारचा डबा एकटीच खायची.

उंदराच्या पिल्लाच्या एका डोळ्यात ती औषध टोचायची, दुसरा तसाच ठेवायची. एकदा टोचलेल्या डोळ्याचा पडदा बराचसा शाबूत दिसला. त्या दिवशी घरी येऊन ती भडाभडा बोलली. वसंताला तोवर नळीतून पाहावं इतकंच दिसत होतं. त्यानं विचारलं, मला कधी देतेस? ती म्हणाली, थोडं थांब.

पुढच्या पिल्लांमध्ये औषधाचा गुण ओसरला. काहींचा टोचलेला डोळा सुजून गढूळ झाला. तिनं ते त्याला लपवून न ठेवता सांगितलं. मी तेव्हा तिथंच बसले होते.

“डोळे असेही जाणारच आहेत, अक्का,” वसंता म्हणाला. “एका डोळ्यात दे.”

“उंदराचा डोळा गेला तर मी दुसरा उंदीर घेते. तुझा डोळा कुठून आणू?”

त्यानंतर कितीतरी महिने तो तिच्याशी बोलला नाही. एका कढईत दोघांची भाजी, आणि घरात नुसता भांड्यांचा आवाज... अफझलगंजच्या बसची वाट पाहताना ती मला म्हणाली होती, दिवसभर उंदरांपुढे गप्प, घरी आल्यावर याच्यापुढे गप्प. माझा आवाज मलाच विसरायला होतोय. रडली नाही. बस आली, चढली.

वसंताची नजर गेली. अबोलाही कधीतरी सुटला, पण डोळ्यांचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. सुमन तेच काम निवृत्तीपर्यंत करत राहिली. औषध माणसापर्यंत पोचलं नाही.

दिवस उरकून नातेवाईक परतले, तेव्हा मी गेले. माणसांना बसायला जागा व्हावी म्हणून सगळं सामान सरकवलेलं होतं. वसंताच्या नडगीला खरचटलं होतं. त्याची नजर गेल्यापासून सुमननं त्या घरातली एकही वस्तू हलवली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघं एकेक वस्तू जागेवर ठेवू लागलो. तिची वेताची खुर्ची मी खिडकीशी नेली. तो दारापासून चालत आला, हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही.

“अजून जरा अलीकडं,” तो म्हणाला.

मी सरकवली. तो पुन्हा दारापासून आला. या वेळी हात बरोबर खुर्चीच्या पाठीवर पडला.

“हौ. इथंच.”

तो बसला नाही. हात तसाच ठेवून उभा राहिला.