ताईच्या नावावरचे तीन हजार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. जिच्याबद्दल आहे तिच्याशी तर या विषयावर एक शब्दही बोललेलो नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर खरं बोलायला छाती लागते, आणि माझी छाती केवढी आहे ते पुढे कळेलच.

माझा कूलरचा धंदा होता. प्रताप नगरात दोन गाळे. मार्च लागला की पत्रे ठोकण्याचा आवाज आणि ओल्या वाळ्याचा वास — आजही कुणाच्या खिडकीतून तो वास आला की पाय थबकतात. सुनंदा, म्हणजे माझी बायको, डबा घेऊन दुकानात यायची आणि आम्ही गवताच्या ताट्यांच्या ढिगावर बसून जेवायचो. काय दिवस होते! मग एका वर्षी मी उधारीवर दुप्पट माल भरला आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात आभाळ हटेना. नागपुरात कूलर विकला गेला नाही — हसू नका, झालं तसं. पुढे लोक हप्त्यावर एसी घेऊ लागले. तीन वर्षांत दोन्ही गाळे गेले. मी दुसऱ्याच्या दुकानात दुरुस्तीच्या कामाला लागलो आणि एका वकिलापुढे जाऊन बसलो. म्हटलं, कोर्टाला सांगा, मला नादार जाहीर करा.

वकील म्हणाले, घरखर्चाचा तक्ता आणा. महिनाभर जगायला जे लागतं ते तुमचं, त्यावर उरेल ते ज्यांचं देणं आहे त्यांचं.

खरं सांगू? तो तक्ता करण्यात गेलेल्या रविवारांची मला आठवण येते. आपल्या संसाराला नेमकं काय लागतं, हे आम्ही पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच बसून पाहत होतो. सुनंदाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून वही तिच्याकडे. चहापत्तीवरून भांडलो, साबणावरून हसलो. माझा तंबाखू-सुपारीचा खर्रा तिनं माझ्या डोळ्यांदेखत खोडला. कूलरचं वीजबिल लिहावं की नाही यावर वकील म्हणाले, लिहा, जजसाहेबही नागपूरचेच आहेत. आणि मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. भिशी, तीन हजार. ते म्हणाले, हे चालणार नाही. जगायला भिशी लागत नाही.

लागत नाही? मला लागत होती. कॉलनीतले आम्ही दहा जण, दर महिन्याला एकाच्या घरी भजी आणि चहा. त्या दहांपैकी कुणालाच माझं दिवाळं माहीत नव्हतं. मी भिशी सोडली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची — आतून ती रिकामी झाली होती, तरी मला ती झाकूनच ठेवायची होती.

पान उलटता उलटता वकिलांनी सहज विचारलं, "तांदूळ काहून नाही लिहिला जी? जेवता ना भात?"

तांदूळ आम्ही विकत घेतच नव्हतो. तो कुहीकडच्या गावाहून यायचा, माझ्या ताईकडून.

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई-बाबा लवकर गेले, आणि लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला तशी ती बाबांच्या दोन एकर धानाकडे परत आली. मूलबाळ नाही. मला तिनंच वाढवलं. आयटीआयला असताना महिन्यातून एकदा ती एसटीनं यायची, खोलीत शिरल्या शिरल्या तांदळाची थैली माझ्या लोखंडी पेटीत रिकामी करायची. माझ्या कपड्यांनासुद्धा नव्या तांदळाचा वास यायचा. माझं लग्न झालं, दुकान झालं, तरी दर वर्षी धम्मचक्र दिनाला पांढरी साडी नेसून ती दीक्षाभूमीला येणार आणि महिनाभरानं नवा तांदूळ निघाला की पोतं पाठवणार. कुणाकडून चहासुद्धा फुकट घ्यायची नाही. आपण कोणाच्या उपकारात नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य.

आणि मी काय केलं? घरी येऊन सुनंदाला म्हणालो — ताईशी बोललो, ती आपल्यावर अवलंबून आहे असं लिहायला तिनंच सांगितलं. तांदूळ आपण विकत घेतो आणि तिला महिन्याला तीन हजार पाठवतो, असं लिही. मी ताईशी बोललोच नव्हतो. सुनंदानं पेन खाली ठेवलं, डोळे पुसले, म्हणाली, अशी नणंद कुणाला मिळते? आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं.

ते तीन हजार भिशीचे. कळतंय ना तुम्हाला? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, असं म्हणतात. मी ते वासे माझ्या नावावर लिहून घेतले.

समोरच्या वकिलानं ती ओळ अचूक पकडली. बहिणीला हजर करा म्हणाला. मी ताईला फोन केला आणि दुसरं खोटं बोललो — ओळख पटवायची आहे, तू फक्त ये. ती पहिल्या बसनं आली. पांढऱ्या साडीत. कोर्टात जायचं म्हणून तिनं तीच साडी नेसली होती.

शपथ झाली. त्यानं विचारलं, तुमची शेती कोण पाहतं, तुम्हाला पैसे कोण पाठवतं, तुम्ही कुणाच्या जिवावर जगता?

ताईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पाच पावलांवर होतो. उठून म्हणता आलं असतं — साहेब, उलटं आहे, हिनंच मला पोसलंय. काय झालं असतं? अर्ज फेटाळला गेला असता, कॉलनीत चार लोक हसले असते. मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो.

"भाऊच पोसते मले, साहेब," ती म्हणाली.

अर्ज मंजूर झाला. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "वाळून गेला गा बाबू. जेवून राहिला ना बरोबर?" बस, एवढंच. दुपारच्या बसनं परत गेली. त्या महिन्यात मी भिशीला गेलो आणि भजी खाल्ली. चांगली झाली होती. हिवाळ्यात पोतं आलं, आणि तो भातही मी खाल्ला. सुनंदा आजही पाहुण्यांना सांगते, आमच्या ताईंनी स्वतःहून आम्हाला वाचवलं. मी शेजारी बसून मान हलवतो.

एकदा बुद्धपौर्णिमेला गावी गेलो होतो. तिथल्या विहारात वंदना म्हणताना ताईचा आवाज लहानपणापासून सगळ्यांत मोठा. वंदनेत पाच शीलं ओळीनं म्हणतात. चौथं खोटं न बोलण्याचं. मी तिच्या शेजारीच उभा होतो. पहिलं, दुसरं, तिसरं तिनं खणखणीत म्हटलं. चौथ्याला तिचे ओठ मिटले. हात जोडलेले, डोळे जमिनीकडे. मग पाचव्याला आवाज पुन्हा आला.

वाटलं, दम लागला असेल. पुढच्या वर्षीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, आणि कोर्टात शपथेवर बोलली त्या दिवसानंतर चौथं शील तिनं तोंडातून काढलेलं नाही.

मी तिच्या शेजारी उभा राहून पाचही म्हणतो.