दुसऱ्याच्या मनगटावरचा गंडा

आमची जुळी मुलं गेल्या हिवाळ्यात रायपूरच्या एका खासगी दवाखान्यात जन्मली. सातवा महिना नुकताच लागला होता. दोघांनाही जन्मतःच अतिदक्षता विभागात नेलं. मुलगा लवकर सावरला. मुलीचा श्वास मात्र मध्येच थांबत असे. यंत्र वाजायचं, सिस्टर तिच्या तळपायाला टिचकी मारायची आणि श्वास पुन्हा सुरू व्हायचा. अशा वेळी प्रार्थना काय करावी, हे मला सुचत नव्हतं. देव ऐकतो की नाही, याचीही खात्री उरली नव्हती.

माझी आई नागपूरहून आली, ती गावच्या देवीचा गंडा घेऊनच. लाल दोरा तिने माझ्या मनगटावर बांधला. दोन्ही लेकरं घरी येईपर्यंत तो अंगावरून उतरवायचा नाही, असा तिचा नवस होता.

मुलीला आईने किंवा बापाने उघड्या छातीशी धरून बसावं, त्या उबेने श्वास स्थिरावायला मदत होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. पत्नी ऑपरेशननंतर तापाने दुसऱ्या वॉर्डात होती. म्हणजे मीच उरलो. दाराशी सिस्टरने हात अडवला. “भैया, घड़ी, अंगूठी, धागा, सब बाहर. तभी अंदर.”

आई मागेच उभी होती. “नवस मी बोलली अन् गंडा तू काढून राहिला! मंग देवीनं कोनाचं आयकाव?”

“आई, पोट्टी आत आहे.”

“मले मालूम आहे आत आहे.” तिचे डोळे भरले. आत यंत्र वाजू लागलं होतं.

दाराबाहेरच्या बाकावर रायपूरजवळच्या बीरगांवची एक म्हातारी बसलेली असे. तिचा नातू त्याच विभागात होता. आमची तिची ओळख नव्हती. तिने बसल्या जागेवरून हात पुढे केला. “मोर हाथ म बांध दे, दीदी. मैं तो बाहिरेच बइठे हंव.”

आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या मनगटावरची गाठ सोडून तिच्या हातावर बांधली.

मुलगी माझ्या छातीवर तळहाताएवढ्या जागेत मावली. मला काही करायचं नव्हतं. मागायचंही काही राहिलं नव्हतं. मागणं बाहेर कोणाच्या तरी हातावर होतं. मी फक्त बसून राहिलो. त्या बैठकीत यंत्र वाजलं नाही. पुढे ते पुन्हा वाजलं, मग कमी होत गेलं. उबेचा आणि औषधांचा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंच असणार.

म्हातारीचा नातू आमच्याआधी घरी गेला. ती निघताना आईने गंडा परत मागितला. म्हातारीने नकाराची मान हलवली. “दूनो झन घर जाहीं, तब छोरबे.” दोघंही घरी जातील तेव्हाच सोड, असं तिचं म्हणणं होतं. गडबडीत तिचा पत्ता विचारायचा राहिला. काही आठवड्यांनी आमची मुलं घरी आली. आईने देवीला नारळ फोडला, पण तिचं मन मानेना. “उधार राहिलं,” एवढंच ती म्हणायची.

उन्हाळ्यात मुलांना डोळ्यांच्या तपासणीसाठी त्याच दवाखान्यात नेलं. म्हातारी नातवाला घेऊन रांगेत बसली होती. तिने आधी आमच्या मुलाचं तोंड पाहिलं, मग मुलीचं. “दूनो?”

“हव,” आई म्हणाली.

तिने मनगट पुढे केलं. दोऱ्याचा लाल रंग गेला होता आणि गाठ पाण्याने आवळली होती. आईने ती दातांनी सोडवली.