केतकीचं ऑनलाइन मेडल

शनिवारी दुपारी माणिकपूरच्या आमच्या घरात नवऱ्याने कॉम्प्युटरसमोर बसून 'अर्धा तास धावणे'वर टिक केली... मांडीवर चकल्यांची बशी. धावली होती म्हणे आमची केतकी. ती बिचारी तेव्हा क्लासला बसली होती.

झालंय असं, की दहावीत गेल्यापासून लेक जिना चढतानाही धापा टाकायला लागली. घरात सासूबाईंना डायबेटिस, नवऱ्यालाही. डॉक्टरांनी तिचं वजन पाहून आत्ताच सांभाळा म्हणून बजावलं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्यातच शाळेने मुलांना एका वेबसाइटचा पासवर्ड दिला. रोज काय खाल्लं, किती हालचाल केली ते भरायचं, की स्क्रीनवर मेडल मिळतं. मला वाटलं, आईचं ऐकत नाही, निदान कॉम्प्युटरचं तरी ऐकेल... ब्रॉडबँडही नुकतंच घेतलं होतं.

पण आपल्याकडे शाळेने मुलांना काही दिलं की ते आईबापांनीच करायचं असतं ना. पाचवीतला थर्मोकोलचा किल्ला ह्याच माणसाने केला होता. तिचा अभ्यास बुडायला नको म्हणून त्याने हेही अंगावर घेतलं. ती खाते क्लासच्या खालचा वडापाव, हा भरतो मोड आलेले मूग. वर मलाच सांगतो, "अगं, वर्गात पहिली आहे ती." आता काय कपाळ बडवून घ्यायचं?

संध्याकाळी केतकी आली तेव्हा आमची चांगलीच जुंपली होती. तरी नवऱ्याने कौतुकाने तिला सोनेरी मेडल दाखवलंच. तिने दप्तरही न उतरवता पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, सोपाऱ्याच्या टीमबरोबर कबड्डी खेळायचे ना मी, तेव्हा कुठे दम लागायचा मला? दहावी आहे म्हणून तुम्हीच बंद केलंत."

मुलीचं खरं धावणं थांबवून आम्ही तिच्या नावावर खोटं धावणं भरत होतो.

रविवारी सकाळी नवरा तिला घेऊन मैदानावर गेला, कबड्डीच्या सरांशी बोलला. संध्याकाळचा एक क्लास बंद केलाय. सासूबाई कुरकुरतायत, शेजारच्या वहिनींनी "दहावीत कबड्डी?" म्हणून डोळे मोठे केले. करू देत.

काल पोरगी गुडघे खरचटून, घामाघूम होऊन आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, भाकरी आहे का गं?" किती दिवसांनी तिने असं काही मागितलं... मला भरून आलं, आणि रागही आला. वेबसाइटचा, नवऱ्याचा, माझाही.

डॉक्टरांना विचारून झालं, शाळेला विचारून झालं, कॉम्प्युटरलाही विचारून झालं. तिलाच विचारायचं राहिलं होतं. बरं झालं बाई, तू न विचारता बोललीस.