आधी तू पी

"आधी तू पी."

ओआरएसच्या पाण्याचा पेला पुढं केला की आत्याबाई तो बोटानं माझ्याकडंच परत सरकवायच्या. मी एक घोट घ्यायची. मग त्या माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या, मी आत्ता पडते की मग पडते.

नळदुर्गच्या अलीकडं आमचं गाव. मी गावची सून आणि गावचीच आशा सेविका. घरोघरी तब्येतीची चौकशी करत हिंडणं हे माझं काम. आत्याबाई आमच्या गल्लीतल्या. पत्र्याच्या एका खोलीत शेळ्यांबरोबर राहायच्या. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेलच, ज्याला फुकट मिळालेल्या वस्तूत आधी दगा दिसतो.

बरं, त्यांना हसायचीही सोय नव्हती. एकदा टँकरच्या पाण्यानं सगळ्या गल्लीची पोटं बिघडली. आत्याबाई ठणठणीत! गल्लीनं पिऊन पचवल्याशिवाय त्या नवं पाणी तोंडाला लावतच नसत. त्यानंतर तर त्या स्वतःच्या हंड्याकडंही संशयानं बघायला लागल्या.

उन्हाळा आता होळीच्या आधीच येऊन बसतो. आरोग्य केंद्राच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं, सगळं जगच तापतंय, भर दुपारी कुणाला बाहेर पडू देऊ नका. मी ते आत्याबाईंना सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"सरकारनं, आत्याबाई."

"मग माझ्या शेळ्या सरकार चारनार व्हय? अन् घरात बस म्हंतीस, ह्या पत्र्याखाली? यात कायतरी डाव हाय बग."

पत्र्याखाली खरंच भट्टी होती. पुढच्या बैठकीत मी तेच विचारलं, तर साहेब म्हणाले, पोस्टर लावा. लावलं. आत्याबाईंनी ते काढून खिडकीला उन्हाच्या आडोशाला बांधलं. सरकारी कागदाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

वैशाखात एका दुपारी त्या लिंबाखाली बसलेल्या दिसल्या. शेळ्या लांब भरकटलेल्या, आणि यांचं तिकडं लक्षच नाही. अंग तापलेलं, घामाचा टिपूस नाही. मी पेला भरला आणि सवयीनं आधी माझ्याच तोंडाकडं नेला. त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि गटागटा पिऊन टाकला. काही विचारलं नाही.

उष्माघाताची सगळी लक्षणं मला पाठ आहेत, पण त्यांचं लक्षण हेच होतं. मी जवळच्या घरातून घागर आणून त्यांच्या अंगावर ओतली आणि गाडीसाठी ओरडत सुटले.

नळदुर्गचा दवाखाना यायच्या आधीच त्या गाडीत गेल्या.

चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "वय झालं होतं हो. उन्हानं गेल्या असं कसं म्हणायचं? वयानंच गेल्या."

"कुणी सांगितलं?" मी म्हणाले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

यंदाही मी पुड्या घेऊन फिरते आहे. कुणी म्हणत नाही, तरी पहिला घोट मीच घेते. लोक हसतात. मग ते बिनघोर पितात, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहते.